मुलांना घेऊन मूरवर: हिगर टॉरची छोटी फेरी

शेफील्ड-मँचेस्टरकडे राहणाऱ्यांनी, किंवा उन्हाळ्यात लेकीकडे आलेल्या आजी-आजोबांनी, इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचा मूर, म्हणजे उंचावरचा उघडा, झुडपी माळ, एकदा तरी पायी पाहावाच. लहान मुलं असतील तर अपर बर्बेज ब्रिजपासूनची चार-पाच किलोमीटरची फेरी सगळ्यात चांगली.

१. दिवस शक्यतो ऑगस्टच्या मध्याचा निवडा. तेव्हा हीदर हे खुजं झुडूप फुललेलं असतं आणि सगळा माळ जांभळा दिसतो.

२. जीन्स नको, भिजली की वाळता वाळत नाही. ऊन असलं तरी रेनकोट घ्या. फुल पँट मोज्यांत खोचा, कारण इथे गोचिडी असतात.

३. पुलाजवळ गाडी लावून दक्षिणेकडे हिगर टॉर या खडकाळ टेकडीची (४३४ मीटर) वाट धरा. चढ सोपा आहे. माथा सपाट आहे, डबे तिथेच उघडा. पण कडेला मुलांचा हात सोडू नका. उतरताना खडकांवर हात टेकावे लागतात. समोरच्या टेकाडावर कार्ल वार्कचा प्राचीन दगडी कोट आहे. तो पाहून पूर्वेला ओढ्याकडे उतरा, ओढा ओलांडा आणि पलीकडच्या रुंद वाटेने पुलाकडे परता.

४. घाई करू नका, मूरची खरी गंमत पायाशी असते. शेवाळाची हिरवी गादी दिसली तर मुलांना तळहाताने हलकेच दाबायला सांगा, बोटांमधून पाणी वर येतं. खालची काळी माती म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर थर साचायला हजारेक वर्षं लागतात, हे मुलांना तिथेच सांगा. पांढरे कापसासारखे तुरे डोलताना दिसले तर तिथे चिखल आहे असं समजा आणि पाय टाकू नका. झुडपातून एकदम फडफडत ‘गो-बॅक, गो-बॅक’ असं ओरडत उडतो तो रेड ग्राउझ पक्षी.

५. शेगडी, बार्बेक्यू अजिबात नको. पीट आतल्या आत धुमसत राहतो, आग विझता विझत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यानेच न्यावा, असा नियम आहे.

६. धुकं उतरलं तर आल्या वाटेने मागे फिरा. अडचण आलीच तर ९९९ लावून पोलीस मागा आणि माउंटन रेस्क्यू हवं असल्याचं सांगा.

७. घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यांमागचे भाग, काखा, केस नीट तपासा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरू लागला किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगावर वेळेत औषध मिळालं की तो बरा होतो.