एटी टायर घ्यायचेत? आधी गाडीच्या दारावरचं स्टिकर वाचा

मृग लागायच्या पंधरा-वीस दिवस आधी फोन सुरू होतात, दादा थारला कोणते एटी, म्हणजे ऑल टेरेन (रस्ता आणि कच्चं दोन्हीकडे चालणारे) टायर टाकू, आणि विचारणाऱ्यानं चार व्हिडिओ पाहून, दुकानदाराशी बोलून अर्धं ठरवूनच ठेवलेलं असतं. मोठा साइज, दहा प्लाय (हा टायरच्या ताकदीचा दर्जा, आत खरंच दहा थर नसतात), पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला. मी आधी जिप्सी चालवली, मग जुनी थार, आता नवी, आणि घरच्या-मित्रांच्या गाड्या धरून बरेच सेट बदलून झालेत. त्यातला एक सेट साफ चुकला, आणि तो चुकला नेमका याच सल्ल्यामुळे. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो.

पहिलं काम दुकानात जाण्याआधीचं. गाडी खरंच कुठं चालते ते महिनाभर लिहून काढा. मी डॅशबोर्डवर एक वही ठेवली होती. काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे, आठवड्यातून दोनदा जाणं होतं, तर मला वाटायचं माझी गाडी अर्धी कच्च्यातच चालते. महिन्याचे दीड हजार किलोमीटर भरले त्यात मुरूम आणि पांदण रस्ता मिळून सव्वाशेसुद्धा नव्हते. बाकी सगळा डांबरी रोड, शहरातले सिमेंट रोड आणि एक समृद्धीची चक्कर. असा हिशोब निघत असेल तर एमटी, म्हणजे मड टेरेनचा विषय तिथंच बंद करा. सिमेंट रोडवर ते घुमतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात झिजतातही लवकर. एटीतसुद्धा रस्त्याकडे झुकलेला, गुटके, म्हणजे नक्षीतले रबराचे ठोकळे, जवळजवळ असलेला पॅटर्न घ्या. आणि डोंगरावर बर्फाची चांदणी कोरलेल्या टायरसाठी जास्त पैसे देऊ नका, ती खूण बर्फातल्या पकडीची आहे, नागपुरात तिचं काही काम नाही.

दुसरं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये टायरचा साइज, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि हवेचा आकडा दिलेला असतो, त्याचा फोटो काढून घ्या.

आता खरी मेख. साइज, लोड आणि हवा हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, एकच आहे, आणि दुकानात हे तिन्ही तुमच्यासमोर वेगवेगळे करून मांडतात म्हणून माणूस फसतो.

साइजपासून सुरू करू. माझ्या थारला कंपनीचा साइज होता २४५/७५ आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची. साइडवॉल झाली साधारण १८४, वर आणि खाली मिळून ३६८, त्यात रिमचे ४०६ मिळवले की पूर्ण चाकाची उंची ७७४ मिलिमीटर. मला सांगितलं गेलं २६५/७५ टाका, गाडी उंच होते, काहीच प्रॉब्लेम येत नाही. तोच हिशोब केला तर ती उंची येते ८०४. फरक ३० मिलिमीटर, आणि त्यातला जमिनीपासून अंतरात मिळतो निम्माच, म्हणजे दीड सेंटिमीटर. या दीड सेंटिमीटरसाठी मी काय काय दिलं ते ऐका. चाक जवळपास चार टक्के मोठं झालं म्हणून मीटर आणि ओडोमीटर दोन्ही तेवढे मागे पडले. प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला, रामटेकच्या गडावर चढताना जिथं आधी सेकंडमध्ये आरामात निघायची तिथं फर्स्ट घ्यावा लागायला लागला. स्टिअरिंग पूर्ण कापलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा, खर्र खर्र. आणि मागच्या दारावरची स्टेपनी इतकी जड झाली की खराब रस्त्यावर दार आवाज करायला लागलं. कंपनीच्या साइजपासून उंचीत दोन-अडीच टक्क्यांच्या वर जाऊ नका हे माझं ठाम मत आहे, आणि वॉरंटीत गाडी असेल तर तेवढंही नका जाऊ, उद्या स्टिअरिंगचं किंवा ड्राइव्हशाफ्टचं काही निघालं तर सर्व्हिस सेंटरवाले आधी टायरकडेच बोट दाखवतील.

पण साइजची चूक निदान दिसते, ऐकू येते. लोड आणि हवेची चूक दिसत नाही. मी घेतलेले टायर होते एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे. साइजच्या आधी एलटी लिहिलेलं असतं आणि लोड इंडेक्स दोन आकड्यांत असतो, १२३/१२० असा, त्यातला दुसरा आकडा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी. लोड इंडेक्स म्हणजे किलो नव्हे, त्याचा तक्ता असतो: १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०, १२० म्हणजे १४००. तर १२० च्याही वरचा आकडा बघून मला वाटलं हा टायर किती मजबूत, आता चिंता नाही. दुकानात कोणी सांगितलं नाही, आणि मीही साइडवॉलवरची बारीक अक्षरं वाचली नाहीत, की तो आकडा टायरमध्ये पूर्ण हवा असतानाचा आहे, दहा प्लायच्या टायरला ती पूर्ण हवा म्हणजे ८० पीएसआय. कमी हवेवर तोच टायर कितीतरी कमी वजन पेलतो. आणि स्टिकरवरच्या हवेच्या आकड्यावर तर एलटी टायर कंपनीच्या साध्या टायरपेक्षाही कमी वजन पेलतो. हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण असंच आहे. साइडवॉल जाड असल्यामुळे हवा कमी असली तरी टायर बसलेला दिसत नाही, लाथ मारून पाहणाऱ्याला तर तो टणकच वाटतो.

मी स्टिकरप्रमाणे हवा ठेवत राहिलो. मे महिन्यात समृद्धीवरून परत येताना विश्रांतीच्या जागी थांबलो, उतरलो तर रबराचा वास येऊन राहिला होता. पुढच्या टायरवर तळहात ठेवला तर ठेववेना, चटकाच बसला. शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, भाऊ उन्हाळा आहे, चार-पाच पीएसआय कमी करून टाका. हा सल्ला मी अजूनही दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. टायर गरम झाला होता तो हवा कमी होती म्हणून! हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता होते, वरून मे महिन्याचा तापलेला काँक्रीट आणि सलग शंभरच्या वरचा स्पीड. त्यात आणखी हवा काढणं म्हणजे टायर फुटायची सोय करून देणं. धावून तापलेल्या टायरमध्ये सकाळच्या थंड आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दिसतातच, ते धरूनच टायर बनवलेला असतो, ती हवा काढायची नाही. घरी येऊन नीट बघितलं तर आठ हजार किलोमीटरमध्ये आतली आणि बाहेरची दोन्ही कड झिजलेली, मधली नक्षी जवळपास नवी.

मग दुसऱ्या एकानं ४५ भरून दिली. काटोल रोडवर गाडी बैलबंडीसारखी हादरायला लागली आणि पहिल्याच पावसात ब्रेक मारला तर गाडी सरकली, कारण टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकत होता.

शेवटी ज्या पद्धतीनं आकडा सापडला ती सांगतो, कोणालाही जमते. नेहमी जेवढी माणसं आणि सामान असतं तेवढं गाडीत घ्या आणि धरमकाट्यावर जा, मी कळमन्याकडे गेलो होतो, आणि पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. प्रत्येकाचं निम्मं म्हणजे एका टायरवरचं वजन. टायर कंपनीकडे त्या साइजचा वजन आणि हवेचा तक्ता असतो, डीलरकडून मागून घ्या, देत नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा. तक्त्यातून निघालेला आकडा सकाळी टायर थंड असताना भरा. मग खडू घ्या, टायरच्या नक्षीवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ ओढा आणि सरळ सिमेंट रोडवर दोनशे-तीनशे मीटर हळू चालवा. उतरून बघा. रेघ मधूनच पुसली गेली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली आणि मध्ये पांढरी राहिली तर कमी, सगळीकडून सारखी फिकी झाली तर बरोबर. दोन-दोन पीएसआय बदलत पुन्हा बघा, पण खडू काही म्हणाला तरी तक्त्याच्या आणि स्टिकरच्या आकड्याखाली जायचं नाही. माझ्या गाडीला त्या एलटीवर स्टिकरपेक्षा ६ पीएसआय जास्त बसले. तुमचा आकडा वेगळा येईल, माझा कॉपी करू नका.

तो सेट संपल्यावर मी परत कंपनीच्या साइजवर आलो, साधा एटी, एलटी नाही, लोड इंडेक्स स्टिकरएवढा किंवा एखाद-दोन आकडे वर. त्याच्या खाली कधीच नाही. गाडी पुन्हा मोकळी धावायला लागली, डिझेलही कमी लागायला लागलं. एलटी कोणी घ्यावा? जो नेहमी गाडीत वजन भरतो, दगडाच्या खाणीत, गडचिरोलीच्या आतल्या भागात रोज जातो, आणि जो हवेचा आकडा खरंच सांभाळणार आहे. बाकीच्यांनी काहून उगीच एवढं वजन चाकात फिरवायचं?

पॅटर्न बघताना आपल्या जमिनीचा विचार करा. आपल्याकडे टायरचे दोन वैरी. एक म्हणजे तूर कापल्यावर राहिलेली धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट, वाळल्यावर खिळ्यासारखे होतात आणि नेमके साइडवॉलमध्ये घुसतात, आणि साइडवॉलचं पंक्चर निघत नाही, टायर गेलाच समजा. कोणी पट्टी मारून देतो म्हणाला तरी त्या टायरवर हायवेला जाऊ नका. म्हणून साइडवॉलमध्ये खरे प्लाय, म्हणजे थर, किती आहेत ते वाचा, तिथं लिहिलेलं असतं, दोनपेक्षा तीन बरे, आणि गुटके खांद्यावरून थोडे खाली उतरलेले असले तर उत्तम. दुसरा वैरी काळी माती. हे स्पष्ट सांगतो, ओल्या काळ्या मातीत कोणताही एटी चालत नाही. चाकाचे दहा फेरे होईपर्यंत सगळ्या खाचा भरतात आणि टायरचा गोटा होतो, मग फोर लो लावा नाहीतर काही लावा. जुलैत पांदण रस्ता फुगलेला दिसला की मी गाडी मुरमावरच लावतो आणि बगीच्यात पायी जातो. कन्हानच्या रेतीत मात्र एटी मस्त चालतो, हवा १८-२० वर आणायची, हळू चालवायची, आणि डांबरीवर चढायच्या आधी छोट्या कंप्रेसरनं परत भरायची.

कंपनी कोणती, यावर मी भांडत नाही. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, योकोहामा, सगळ्यांचे एटी मिळतात. फक्त जो पॅटर्न घ्याल तो नागपुरात पुन्हा मिळतो का ते विचारा. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे बाहेरच्या टायरचा एखादा साइज महिनोन्महिने येत नाही, आणि एक टायर फाटला तर जोड मिळत नाही. फोर बाय फोरला हे फार महत्त्वाचं आहे. चारही चाकांची उंची सारखीच पाहिजे, नाहीतर फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर ताण येतो. आता मागचे दोन बदला, पुढचे नंतर बघू, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पैसे जमेपर्यंत थांबा पण एकदम पाच घ्या, स्टेपनीसकट.

तारीख तपासा. साइडवॉलवर लांबट गोलात चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर छान, वर्षाच्या वरचा घेऊ नका, आपल्याकडे गोडाऊनचे पत्रे उन्हाळ्यात किती तापतात ते तुम्हाला माहीत आहे. पाचही टायरचे आकडे रिमवर चढवायच्या आधी वाचा, कारण तारीख एकाच बाजूला असते. एका दुकानात मी चार वाचले आणि पाचवा राहिला. घरी येऊन गाडीखाली शिरून मोबाइलचा टॉर्च मारला तर तो अडीच वर्षं जुना निघाला, तारखेची बाजू आत करून बसवलेला. पक्कं बिल घ्या, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो तसाच लागलाय का बघा.

बसवताना नवे वॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. पहिले तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, जोरात वळण नाही. दर आठ हजार किलोमीटरला पाचही टायरच्या जागा आपसात बदला. हवा पंपावरच्या मीटरवर सोडू नका, स्वतःचा गेज घ्या आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी बघा, तापमान साडेपाच अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआय बदलतो, म्हणजे मे महिन्यात बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी तीन-चार पीएसआय कमी दिसणार, ती तेव्हा भरायची. आणि टायर बसवून शंभर किलोमीटर झाले की पाना काढून प्रत्येक नट पुन्हा एकदा स्वतः आवळा, स्टेपनीचेसुद्धा.