सिटाकोसॉरसची प्रतिकृती करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं सिटाकोसॉरस हा डायनोसॉर करायला घेतात आणि पहिल्या झटक्यात त्याला पोपटी रंग फासतात. कारण नावाचा अर्थच ‘पोपट-सरडा’. १९२२ साली मंगोलियात त्याचे सांगाडे मिळाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ हेन्री ऑसबॉर्न यांनी हे नाव दिलं, पण ते त्याच्या चोचीकडे बघून. रंगाबद्दल खरा पुरावा जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात आहे. तिथल्या जीवाश्मात कातडी टिकून आहे. २०१६ च्या अभ्यासात तिच्यावरून पाठ गडद तपकिरी आणि पोट फिकं असल्याचं दिसलं. दाट झाडीच्या मंद उजेडात लपायला सोयीचा रंग! तेव्हा हिरवी बाटली बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त गडबड डोक्यात होते. सिटाकोसॉरस हा ‘शिंगमुखी’, म्हणजे ट्रायसेरॅटॉप्सच्या कुळातला डायनोसॉर. ‘शिंगमुखी’ म्हटलं की हात आपोआप ट्रायसेरॅटॉप्स घडवू लागतात: नाकावर शिंग, कपाळावर दोन, मागे मोठी झालर. यातलं काहीही सिटाकोसॉरसला नव्हतं. त्याची शिंगं गालांवर होती, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. डोकं वरून बघा: पुढे आखूड चोच आणि गालांपाशी एकदम रुंद. शाडूचा गोळा दोन्ही अंगठ्यांनी पुढून दाबत आणा आणि गालफडांशी माती चिमटीत धरून बाहेर ओढा, आकार लगेच पकडीत येतो. चोचीच्या टोकाला दात कोरू नका, दात मागे गालाकडे. वरच्या चोचीच्या टोकाशी एक वेगळं हाड असतं. झालर नसूनही हा प्राणी शिंगमुखींच्या कुळात मोडतो, तो त्या हाडामुळे.

प्रतिकृती तोंडावर आपटते? बहुधा शेपटी बारीक झाली आहे. पूर्ण वाढलेला सिटाकोसॉरस दोन पायांवर चालायचा, लांबी साधारण दोन मीटर, आणि पुढच्या धडाचा तोल जाड शेपटी सावरायची. पुढचे पाय जमिनीला टेकवून तोल साधण्याचा मोह आवरा. ते आखूड होते, तळवे आतल्या बाजूला वळलेले. मागच्या पायांतली तार खालच्या फळीत खोचा. तारेवर शाडू वाळताना तडकतो, म्हणून मळतानाच त्यात थोडा कापूस घाला.

शेपटी गुळगुळीत ठेवू नका. फ्रँकफुर्टच्या त्याच जीवाश्मात शेपटीवर सुमारे १६ सेंटिमीटर लांबीचे राठ केसांसारखे तंतू आहेत. माती ओली असतानाच काथ्याचे धागे खोचले की काम होतं. दशांश मापाच्या प्रतिकृतीत दीड सेंटिमीटर पुरे. मात्र ते शेपटीच्या वरच्या बाजूलाच, अंगभर नाही.

पाटीवर ‘सर्वात जुना शिंगमुखी’ लिहू नका. चीनच्या शिनजियांगमधला यिनलाँग त्याच्या कितीतरी आधीचा, ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातला. ‘ट्रायसेरॅटॉप्सचा आजोबा’ हेही खोडा. ट्रायसेरॅटॉप्सच्या हाताला पाच बोटं होती. सिटाकोसॉरसचं पाचवं बोट आधीच नाहीसं झालेलं. एकदा गेलेलं बोट वंशात परत उगवत नाही, म्हणून ही वेगळीच फांदी मानतात. तुमच्या प्रतिकृतीला पाच बोटं असतील तर माती ओली आहे तोवर पाचवं काढून टाका, आणि चौथं अगदी बारकं ठेवा.