निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळेची आखणी कशी करावी

निवृत्त माणसाला 'आता एखादा छंद लावून घ्या' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तो छंद मंगळवारी दुपारी चार वाजता कुठे आणि कोणाबरोबर जोपासायचा, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून सुरुवात छंद निवडण्यापासून न करता आठवडा मोजण्यापासून करावी. सात दिवस एका वहीत साधी नोंद ठेवावी: किती वेळ बसून गेला, किती वेळ चालण्यात गेला आणि घराबाहेरच्या किती माणसांशी समोरासमोर बोलणे झाले. पुष्कळांच्या वहीत हा तिसरा रकाना सर्वांत रिकामा निघतो, आणि आखणीला हात तिथूनच घालावा.

नवे काही शिकण्यापूर्वी नोकरी-संसारात मागे पडलेले काय होते, ते आठवून पाहावे. चाळीस वर्षे माळ्यावर पडलेली पेटी खाली काढणे हे नव्या वर्गाचे शुल्क भरण्यापेक्षा पुष्कळदा अधिक टिकते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या 469 व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. यावरून पेटी वाजवली की स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र म्हणता येत नाही, कारण हा आजार अंगात शिरू लागला की निदान होण्याच्या कितीतरी आधी माणूस छंदातून अंग काढून घेऊ लागतो आणि कारण कोणते, परिणाम कोणता हे ओळखणे कठीण होते.

माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत कमी लेखला गेलेला व्यायाम म्हणजे भजनी मंडळ. अभंग पाठ ठेवावा लागतो, लांब ओळ एका दमात म्हणताना श्वासावर ताबा ठेवावा लागतो, टाळ धरणाऱ्या हाताला कानाशी जुळवून घ्यावे लागते. आणि एखाद्या गुरुवारी आपण गेलो नाही तर संध्याकाळपर्यंत 'आज का आला नाहीत?' असा फोन येतो. हा फोनच खरा लाभ आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागून घ्यावी. जमिनीवर बसता येत नाही म्हणून मंडळ सोडणे हा महागडा संकोच ठरतो. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र लावूनच जावे, कारण बोलणे नीट कळेनासे झाले की माणूस चार लोकांत असूनही एकटा पडतो. मेंढीकोटाच्या डावातही हुकूम कोणाकडे उरला आणि कोणती दश्शी अजून बाहेर यायची आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. फक्त दर अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात आणि चहासोबतच्या फरसाणाला आवर घालावा.

शरीराचा हिशेब वेगळा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार पासष्टीनंतरही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, आणि शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम हवा. सकाळच्या फेरीने पहिली गरज भागते, दुसरी फारशी भागत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे किंवा हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे असे व्यायाम करावेत. रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. फेरीला सपाता घालून न जाता मागून बंद असलेले बूट घालावेत. जून ते सप्टेंबर रस्ते निसरडे असतात, तेव्हा सोसायटीच्या सभागृहात किंवा लांब व्हरांड्यात चालण्याची सोय मे महिन्यातच लावून ठेवावी. पावसाळ्यात तुटलेली सवय दिवाळीपर्यंत परत येत नाही.

घरातील स्त्रीला निवृत्तीचे वय नसते, ही गोष्ट अशा सल्ल्यांतून नेहमी सुटते. तिच्या वाचनालयाची किंवा भिशीची वेळ ठरली, की त्या वेळेचा चहा आणि नातवंडे दुसऱ्या कोणीतरी सांभाळावीत. हे घरात स्पष्ट बोलून ठरवावे.

पहिल्या तीन महिन्यांत दोनच गोष्टी धराव्यात: एक माणसांमधली, एक अंगमेहनतीची. त्यांचे वार ठरवून दिनदर्शिकेवर लिहावेत, आणि ते घरच्यांनाही माहीत असावेत. वर्षानुवर्षे रोज शब्दकोडे सोडवणारी व्यक्ती ते अर्धवट ठेवू लागली किंवा पत्त्यांचा डाव टाळू लागली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. नजर, श्रवण, मनाची उदासी आणि स्मरणशक्ती या चारही बाजूंनी तपासणी करून घ्यावी. पहिली भेट नेत्रतज्ज्ञांकडे ठेवल्यास उत्तम, कारण कधी कधी सारा घोटाळा वाढलेल्या मोतीबिंदूचाच असतो.