मातीकामाच्या शिबिराला मदतीला जाताय? आधी प्लॅस्टिक घ्या

सगळ्यात आधी प्लॅस्टिक. माती, चाक, पोरांची यादी, सरबत, सगळं त्याच्या नंतर. मोठं, जाडसर, न फाटलेलं, वस्तूंनी भरलेली फळी चारी बाजूंनी झाकून खाली दुमडता येईल एवढं प्लॅस्टिक. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे बाकी सगळं होतं आणि हे नव्हतं. संध्याकाळी पोरांनी केलेले मातीचे बैल फळीवर ओळीनं लावून आम्ही हात झटकत घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर शिंगं फळीवर आणि बैल बोडके. पणत्यांच्या काठांना चिरा, कपांचे कान गळालेले. पोरं दहा वाजता येणार होती. पुढचं जाऊ द्या.

व्हिडिओत ‘सावलीत वाळू द्या’ एवढं सांगून मोकळे होतात. सांगणारे सोलापुरात मे महिना काढत नाहीत. इथे पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठाक, सावलीतला पंचासुद्धा बघता बघता वाळतो. मातीतलं पाणी गेलं की माती आकसते. ओल्यापासून भाजून निघेपर्यंत साधारण ८ ते १२ टक्के. आकसायला हरकत नाही, पण सगळीकडून बरोबरीनं आकसायला हवी. शिंगं, कान, पणतीचा काठ पातळ, म्हणून आधी वाळतात आणि आधी आकसतात. पोट आणि बूड ओलंच असतं, ते जागचं हलत नाही. मग जोड सुटतो, नाहीतर चीर जाते. वस्तू घडते तासाभरात, वाळायला आठवडा लागतो, आणि आपली सगळी तयारी त्या एका तासाची असते.

तर प्लॅस्टिक कुठून आणायचं? पातळ पिशव्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि तसंही पिशव्या जोडून फळी झाकली जात नाही, फटी राहतात. गादीच्या दुकानात नव्या गादीवरून निघालेलं प्लॅस्टिक मागून बघा. नाहीतर पावसाळ्याआधी छपरावर टाकायला लोक मीटरवर प्लॅस्टिकचा कागद नेतात, तो घ्या. दर फळीला वेगळा तुकडा कापा, कारण एक फळी बघायला उघडली की बाकीच्या उघड्या पडायला नकोत. आणि हे आदल्या रात्री पिशवीत गेलं पाहिजे. ‘तिथे काहीतरी मिळेल’ म्हणाल, तर तिथे सतरंजी मिळते.

जुने कपडे, टोपी, नखं कापून, अंगठ्या घरी. यावर जास्त बोलत नाही.

कापडावर मात्र बोलतो, कारण कापडाच्या गावात राहून लोक चुकीचं कापड आणतात. टर्किश टॉवेल आणू नका. त्याचे फासे ओल्या मातीत रुततात आणि टॉवेल उचलला की बैलाचं शेपूट सोबत येतं. मातीला लागून ठेवायचं ते मऊ सुती असावं: जुनं धोतर, पंचा, विटकी साडी. भिजवून घट्ट पिळलेलं. टपटपतं कापड टाकलं की पाणी पायांत उतरतं आणि रात्रीत बैल बसतो. धोतराच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून ठेवा आणि शिंगांना, कानांना जखमेची पट्टी बांधावी तशा सैल गुंडाळा. आधी ही ओली पट्टी, वरून प्लॅस्टिक. नुसती पट्टी बांधलीत तर ती तासा-दोन तासांत वाळते आणि पुढे मातीतलंच पाणी ओढायला लागते. म्हणून परत सांगतो, प्लॅस्टिक. घरातली जुनी सोलापुरी चादर असेल तर ती झाकायला नको, लाटायला घ्या. मातीची पोळी तिच्यावर लाटली की खाली चिकटत नाही आणि विणीची नक्षी आपोआप उठते. पोरं त्यावरच अर्धा तास रमतात.

मातीचं म्हणाल तर ‘आमच्या रानातली काळी आणू का?’ म्हणणारा एक जण दर वेळी भेटतोच. नका आणू. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात रान बघितलंय ना? नुसत्या तिची वस्तू टिकत नाही. कुंभार तळ्या-ओढ्याच्या गाळाची माती बघून घेतात, तिच्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळतात. त्यानं माती मोकळी होते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मळलेली तयार माती त्यांच्याकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. बैलाला अर्धा किलो धरा, पणतीला मूठभर. तीस पोरं असतील तर पंचवीस किलोच्या खाली जाऊ नका, कारण पहिला बैल प्रत्येकाचा मोडतो.

कच्ची माती आणलीतच तर भिजवून, पातळ करून, बारीक चाळणीतून गाळा. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. वस्तू छान भाजून निघते, घरी जाते, कपाटावर बसते, आणि हवेतली ओल पिऊन तो चुना आतल्या आत फुगायला लागतो. आधी बारीक चीर, मग पापुद्रा उडतो आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. पावसाळ्यात हे हमखास. पोरगं म्हणतं, मी पाडला नाही. खरंच पाडलेला नसतो.

आणि कुंभारमामांना ऐन वेळी गाठू नका. उन्हाळा म्हणजे माठांची विक्री, लग्नसराईत ऐरणीची मडकी, त्यात अक्षय्य तृतीयेची करा-केळी. आधी जाऊन सांगा, मातीचं आणि भट्टीतल्या जागेचं एकदमच ठरवा. शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून ‘मामा, तेवढं माती देता का?’ विचारलंत, तर त्यांनी काय उत्तर द्यावं अशी अपेक्षा आहे?

पाणी! सोलापूरकराला हे सांगायला लागू नये, तरी सांगतो. हॉलच्या भागात नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते विचारा. शिबिराच्या दिवशी येईलच असं धरू नका. आलेल्या दिवशी बॅरल भरून ठेवायला लावा आणि भरलाय का ते स्वतः झाकण उघडून बघा. हात धुवायला तीन टब ओळीनं ठेवा: पहिल्यात चिखल जातो, दुसऱ्यात उरलेला, तिसऱ्यात हात स्वच्छ. बेसिनकडे एकालाही फिरकू देऊ नका. माती पाइपात जाऊन बसली की प्लंबर शिबिरापेक्षा महाग पडतो. रात्रभरात टबातली माती तळाशी बसते. वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ परत बादलीत.

हत्यारं घरातलीच चालतात. लाटणं, चमचे, जुने टूथब्रश, स्पंजचे तुकडे, कापायला नायलॉनचा दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना बटण बांधलेलं. सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. त्यांच्यामध्ये लाटलं की पोळी एकसारखी होते. जोडताना दोन्ही बाजू ब्रशनं खरवडायच्या, पातळ चिखल लावायचा, दाबायचं. नुसतं चिकटवलेलं शिंग उभं राहिलेलं दिसतं, पण ते तुम्हाला फसवतंय. बैलाचं पोट खालून चमच्यानं कोरून घ्या, भिंत बोटभर जाडीपेक्षा जास्त नको. कारण भट्टीत कळेल.

चाक पहिल्या दिवशी ठेवू नका, असं माझं मत आहे. सगळी पोरं चाकासमोर रांग लावतात, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, मातीचा गोळा मधोमध बसवतो मदतनीस, भांडंही तोच घडवतो, आणि फोटो पोराचा निघतो. वर वीज गेली तर सगळेच बसून. हातानं करू द्या, शेवटच्या दिवशी चाक दाखवा.

मदतनीसांत एक जण तेलुगू आणि एक जण कन्नड बोलणारा असला तर बघा, शहराच्या पूर्व भागातली बारकी पोरं घरच्या भाषेत पटकन खुलतात. माती मुरायला ठेवल्यावर मधे जो वेळ असतो त्यात पोरं एकमेकांना चिखल फासतात, तेव्हा गोष्ट तयार ठेवा. बाहेरची कशाला शोधायची? गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या ग्रामदैवताच्या जत्रेत, दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी जिचं लग्न लागतं ती कुंभाराचीच लेक. संमती कट्ट्यावरच्या त्या लग्नाच्या अक्षता बहुतेक पोरांनी स्वतः टाकलेल्या असतात, मिरवणुकीतले सात नंदीध्वज बघितलेले असतात, पण नवरी कुंभारकन्या आहे हे मातीत हात असताना ऐकलं की जरा वेगळं बसतं. एका वेशीचं नावच कुंभार वेस आहे, हेही सांगून टाका.

नावं. वस्तू ओली असतानाच बुडाखाली टूथपिकनं कोरायची. मार्करनं लिहू नका, भट्टीत शाई जळून जाते आणि मग एकसारख्या पणत्यांच्या ढिगावर भांडणं. कागदाची चिठ्ठी तर मुळीच नको.

आता संध्याकाळ. सगळे दमलेले असतात, पालक बाहेर हॉर्न वाजवत असतात, आणि नेमकं याच वेळी खरं काम असतं. प्रत्येक वस्तूखाली जुनं वर्तमानपत्र घाला: आकसताना बूड सरकलं पाहिजे, ते फळीला चिकटून राहिलं तर मधोमध चिरतं. मग ओल्या पट्ट्या. मग प्लॅस्टिक, कडा फळीखाली दुमडून, वर विटा. विटा विसरू नका. मे महिन्यात दुपारी वळवाचं वारं सुटलं की खिडकीतून येऊन प्लॅस्टिक उडवून पार व्हरांड्यात नेतं. पंख्याच्या बटणावर ‘लावू नये’ असा कागद चिकटवा. एवढ्यावरही हॉलची साफसफाई करणाऱ्या मावशींना वेगळं सांगा, नाहीतर त्या चांगुलपणानं खिडक्या उघडतात, पंखा लावतात आणि प्लॅस्टिकची घडी घालून ठेवतात. किल्ली कोणाकडे आहे आणि रविवारी कोण उघडून देणार हे आधीच ठरवा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी यायचंय.

सकाळी आल्यावर प्लॅस्टिकच्या आत पाण्याचे थेंब दिसतील. ते झटकून प्लॅस्टिक उलटं करून परत झाका, नाहीतर थेंब बैलाच्या पाठीवर पडतात आणि खड्डे पडतात. पहिले दोन दिवस पूर्ण झाकलेलं. तिसऱ्या दिवसापासून एक बाजू किंचित उघडी, काठ घट्ट झाला की पणत्या पालथ्या, पट्ट्या काढा, मग हळूहळू सगळंच उघडं. घाई झाली म्हणून उन्हात ठेवणारा एक तरी मदतनीस निघतो. त्याला फळीपासून लांब ठेवा.

भाजणी. बेंदराचे मातीचे बैल बहुधा कच्चेच पुजतात, त्यामुळे पुजायचे ते भाजू नका, तेवढीच भट्टीत जागा वाचते. बाकीच्या वस्तू पूर्ण वाळल्यात का हे बघायला गालाला लावा; गार लागली तर आत पाणी आहे. ओली वस्तू तापली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, शेजारच्या चार घेऊन. सुरुवातीची आच मंद हवी. ते मामांना कळतं, त्यांना शिकवू नका. भट्टी थंड व्हायच्या आत उघडा म्हणून मागेही लागू नका.

रंग: गेरू, चुना, नाहीतर पोस्टर कलर. रंगवलेल्या कपात चहा प्यायचा नाही, हे पालकांना सांगा. झाडलोट करताना कोरडा झाडू नको, मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा. उरलेली माती घट्ट बांधून ठेवा.

वस्तू न्यायची तारीख पालकांना शिबिर संपल्यावर किमान पंधरा दिवसांची द्या, उद्या-परवाची देऊ नका, नाहीतर फोन तुम्हालाच येतात. मामांचे पैसे मात्र भट्टी उतरली त्याच दिवशी द्या, आयोजकांच्या बिलाची वाट त्यांना बघायला लावू नका.