बाजारभावाचा तक्ता: डेटाबेसमधून वर्डप्रेसच्या पानावर

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी राहून मी संकेतस्थळे तयार करण्याचे काम करतो. शेतमालाचे भाव, आवक, बियाण्यांची उपलब्धता अशी रोज बदलणारी माहिती वर्डप्रेस या संकेतस्थळ तयार करण्याच्या प्रणालीच्या पानावर दाखवणे हा त्यातील मोठा भाग आहे. पदवीला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा) शिकवले जाते, पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिले आहे ती भाषा) हीही थोडीफार शिकवली जाते. परंतु क्वेरीचा (डेटाबेसकडे केलेल्या मागणीचा) निकाल टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) नीट कसा मांडावा याचा सराव फारसा होत नाही, आणि या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींची पहिली अडचण नेमकी तिथेच येते.

माहिती कुठे साठवायची, हे आधी ठरवावे. शेतकरी मेळाव्यांच्या बातम्यांसारखी लेखाच्या स्वरूपाची माहिती असेल, तर कस्टम पोस्ट टाइप (आपण ठरवलेला लेखप्रकार) आणि डब्ल्यूपी_क्वेरी (लेख शोधून आणणारी वर्डप्रेसची सोय) पुरेशी आहे. फक्त लूप संपल्यावर डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा हे फंक्शन न विसरता वापरावे. अन्यथा त्याच पानावर पुढे मूळ लेखाऐवजी लूपमधील शेवटच्या नोंदीचे शीर्षक उमटू लागते. बाजारभावासाठी मात्र मी स्वतंत्र टेबलच करतो. तारीख, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर ही एकच नोंद पोस्टमेटामध्ये (लेखांची जोडमाहिती ठेवणाऱ्या वर्डप्रेसच्या टेबलमध्ये) ठेवली, तर तिच्या प्रत्येक मूल्याची वेगळी ओळ होते, आणि तिथला मूल्याचा रकाना मजकुराच्या प्रकारचा असल्यामुळे दरांची तुलना करताना दर वेळी मजकुराचे आकड्यात रूपांतर करावे लागते.

स्वतंत्र टेबलमधील नोंदी डब्ल्यूपीडीबी या ऑब्जेक्टद्वारे मिळतात. अनेक ओळी हव्या असतील तर गेट_रिझल्ट्स, एकच ओळ हवी असेल तर गेट_रो आणि एकच मूल्य हवे असेल तर गेट_व्हार वापरावे. टेबलच्या नावाआधीचा प्रिफिक्स हाताने न लिहिता ऑब्जेक्टकडूनच घ्यावा, कारण प्रत्येक संकेतस्थळावर तो सारखाच असेल असे नाही. वाचकाने निवडलेले पीक किंवा तारीख क्वेरीत जाणार असेल, तर ती प्रिपेअरमधूनच (बाहेरचे मूल्य सुरक्षितपणे क्वेरीत घालणाऱ्या फंक्शनमधूनच) जाऊ द्यावी. यात सवलत घेऊ नये. क्वेरी लिहिण्याची जागा म्हणजे एक छोटे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा स्वतंत्र कोड). टेम्प्लेटच्या हाती फक्त तयार ओळी याव्यात आणि त्याने त्या मांडाव्यात. हा वेगळेपणा पाळला, तर थीम बदलली तरी भावांची व्यवस्था जागेवर राहते. प्लगइनमधून शॉर्टकोड (लेखात लिहिताच त्या जागी तक्ता आणणारी खूण) देणार असाल, तर त्याच्या फंक्शनने तक्ता थेट छापू नये, रिटर्न करावा; छापला तर तो मजकुराच्या मध्ये न येता पानाच्या वरच्या बाजूला जाऊन बसतो.

आता तारखेविषयी, कारण या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. नवीन माणूस साधारणपणे ‘आजची तारीख असलेल्या ओळी आण’ अशी क्वेरी लिहितो आणि तक्त्यावर ‘आजचे भाव’ असे शीर्षक देतो. डेटाबेसचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर भारताची वेळ त्याच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत एसक्यूएलचे करडेट हे आजची तारीख सांगणारे फंक्शन कालचीच तारीख देते. कापसाची गाडी भरून पहाटे चारला निघणारा शेतकरी त्याच वेळी मोबाईल पाहतो, आणि कालचा दर त्याला आजचा म्हणून दिसतो. वर्डप्रेसमध्ये पीएचपीचे साधे डेट फंक्शनही यूटीसीच धरते. म्हणून सेटिंगमध्ये कोलकाताचा टाइमझोन निवडून डब्ल्यूपी_डेट हे फंक्शन वापरावे, जे २०१९ साली ५.३ या आवृत्तीत आले.

पण एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. रविवारी, पोळ्याला, दिवाळीत बाजार बंद असतो आणि तेव्हा आजच्या तारखेची एकही ओळ नसते. त्यामुळे प्रत्येक शेतमालाची सर्वांत अलीकडची तारीख ग्रुप बाय आणि मॅक्सने काढून ती उपक्वेरी मूळ टेबलशी जोडावी, आणि तक्त्यात पिकाच्या नावाखालीच त्या ओळीतील तारीख छापावी. ‘भाऊ, हा भाव कोन्त्या तारखेचा हाय?’ असा प्रश्न कोणाला फोन करून विचारावा लागला, तर तो तक्ता अपुरा आहे असे मी मानतो.

रिकाम्या मूल्यांबाबतही अशीच काळजी हवी. आवक न झालेल्या दिवशी दराच्या रकान्यात नल (‘मूल्यच नाही’ ही खूण) असते. पीएचपीच्या नंबर_फॉरमॅटमधून ते शून्य होऊन बाहेर पडते आणि तुरीचा भाव शून्य रुपये दिसतो. म्हणून आधी नल तपासून तिथे ‘आवक नाही’ असे लिहावे. एकही ओळ मिळाली नाही, तर रिकामा तक्ता न दाखवता ‘या पिकाची नोंद अद्याप उपलब्ध नाही’ असे स्पष्ट वाक्य द्यावे. नंबर_फॉरमॅट हजारांचेच गट पाडते, त्यामुळे लाखाच्या पुढचा आकडा 123,456 असा उमटतो; होस्टिंगवर पीएचपीचे इंटल एक्स्टेन्शन असल्यास मराठी लोकेल देऊन नंबरफॉरमॅटर वापरावा, म्हणजे १,२३,४५६ असे देवनागरी अंक मिळतात. छापताना प्रत्येक मजकूर ईएससी_एचटीएमएलमधून (मजकुरातील कोड निष्प्रभ करणाऱ्या फंक्शनमधून) काढावा, तो आपल्याच टेबलमधील असला तरी.

गावातील नेटवर्कवर पान हळू उघडते, त्यात लूपच्या आत प्रत्येक पिकासाठी वेगळी क्वेरी चालवून सर्व्हरचा वेळ वाढवू नये. एकाच क्वेरीचा निकाल ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात) तासाभरासाठी ठेवावा आणि नवा भाव नोंदवताच तो ट्रान्झियंट पुसावा.

सरावासाठी इंटरनेट लागत नाही. संगणकावर एक्सएएमपीपी (सर्व्हर आणि डेटाबेस आपल्याच संगणकावर चालवणारे पॅकेज) बसवावे, सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या काही ओळी पीएचपीमायअॅडमिनमध्ये स्वतः भराव्यात, त्यांत एक दिवस मुद्दाम वगळावा आणि एक दर नल ठेवावा. क्वेरी मॉनिटर हे प्लगइन आधीच उतरवून घेतले असेल, तर पान उघडताना किती क्वेरी चालल्या आणि कोणत्या क्वेरीला वेळ लागला, हे तिथेच दिसते.