गोव्याहून लिस्बन: अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढावी

सपाट नकाशा बाजूला ठेवा. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. गोव्यातल्या साखळी गावच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे तेव्हा हाच प्रयोग करून घ्यायचे. दोरा विषुववृत्तावरून एक पूर्ण फेरी फिरवून कापा. ही लांबी म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. आता एक टोक गोव्यावर बोटाने दाबून धरा आणि दोरा लिस्बनपर्यंत ताणा. पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त लागतो, म्हणजे साधारण ८,३०० किलोमीटर.

ताणलेला दोरा कशावरून गेला तेही बघा: दुबई, दक्षिण इराक, तुर्कस्तान. दुबई अगदी वाटेवर आहे! गोवा-दुबई २,२०० किलोमीटर, पुढे ६,१००. वळसा पडतच नाही. दिल्लीमार्गे गेलात तर बेरीज ९,२०० च्या वर जाते. म्हातारी माणसं जाणार असतील तर मी दिल्लीचं तिकीट काढू देत नाही.

वेळेसाठी अंतराला ताशी ८५० ने भागा आणि चढ-उतारासाठी प्रत्येक उड्डाणाला अर्धा तास धरा. पश्चिमेकडे जाताना उंचावरचा वारा समोरून येतो, म्हणून थोडी भर घाला. दुबईपर्यंत साडेतीन तास, तिथून लिस्बन आठ. परतताना तोच वारा पाठीशी असतो, त्यामुळे लांबचा टप्पा लवकर संपतो.

खरा घोळ तिकिटावरच्या वेळांचा. तिथे प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, गोव्याहून पहाटे ४ ला निघालात आणि लिस्बनला त्याच दिवशी दुपारी २ ला पोचलात. दहा तास वाटतात. पण उन्हाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेचार तास मागे असतो, म्हणून खरा प्रवास साडेचौदा तासांचा: साडेअकरा हवेत, तीन दुबईत. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दुबई मात्र वर्षभर दीड तास मागे. मी तिकिटाच्या मागे सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून देते आणि एक प्रत घरच्यांकडे ठेवायला सांगते. पोरगं पोचल्याचा फोन कधी येईल हे आईला कळलं, की तिचा जीव टांगणीला लागत नाही.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्याची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही.

आणि विमानतळाचं नाव वाचा. गोव्यात विमानतळ दोन: मोपा उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. काणकोणहून मोपा गाठायचं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो. दोन तासांहून जास्त धरा, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचा. म्हणजे पहाटे ४ च्या विमानासाठी आदल्या रात्री साडेदहालाच घर सोडायचं.