सच्छिद्र काचेवर नॅनोकण बसवून डीएनएचे लहान तुकडे कसे जोडावेत

डीएनएचे ठरावीक क्रमाचे लहान तुकडे, म्हणजे ऑलिगोन्यूक्लिओटाइड, तयार करताना पहिला घटक घन आधाराला बांधून त्यावर पुढचे घटक एकेक करून जोडले जातात. नेहमीच्या सच्छिद्र काचकणांत 50 नॅनोमीटरची छिद्रे असतात. साखळी पन्नासेक घटकांपुढे गेली की ती छिद्रे भरत जातात आणि अभिकारकांना आत शिरायला वाट उरत नाही. भरीव सिलिका नॅनोकणावर साखळी केवळ बाहेरच्या पृष्ठभागावर वाढत असल्याने ही अडचण टळते, परंतु सुटे नॅनोकण प्रत्येक धुण्यानंतर सेंट्रिफ्यूजने खाली बसवावे लागतात. म्हणूनच ते मोठ्या छिद्रांच्या फ्रिटवर, म्हणजे सच्छिद्र काचेच्या चकतीवर, पक्के बसवायचे.

त्यासाठी जी-3 प्रतीची, 16 ते 40 मायक्रॉन छिद्रांची बोरोसिलिकेट फ्रिट पुरते; मुंबईत शामलदास गांधी मार्गावरील, म्हणजे जुन्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील काचसामानाच्या दुकानांत तिची चौकशी करावी. कण सुमारे 300 नॅनोमीटरचे घ्यावेत. अशा कणांचे क्षेत्रफळ ग्रॅममागे साधारण 10 चौरस मीटर भरते. 100 नॅनोमीटरचे कण घेतल्यास ते तिप्पट होते खरे, पण बारीक कणांचे दाट थर वाट अडवतात आणि मूळ हेतूच फसतो.

कणांचे इथेनॉलमधील विरळ मिश्रण फ्रिटमधून सावकाश ओढून, ती वाळवून भट्टीत सुमारे 450 अंश सेल्सिअसला काही तास ठेवावी. या तापमानाला पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट कमी होतात. ते परत यावेत म्हणून फ्रिट सौम्य आम्लात भिजवून, धुऊन, नीट वाळवावी आणि मगच कोरड्या टोल्युइनमध्ये अमिनोसिलेनची, म्हणजे काचेवर अमिन गट बसवणाऱ्या रसायनाची, प्रक्रिया करावी. हा क्रम उलटा केल्यास सिलेन भट्टीत जळून जाते. त्यानंतर सक्सिनेट दुव्याने पहिला न्यूक्लिओसाइड, म्हणजे साखळीचा पहिला घटक, जोडावा आणि उरलेले अमिन गट अॅसिटिक अॅनहायड्राइडने बंद करावेत.

पुढे जाण्यापूर्वी आधारावर न्यूक्लिओसाइड किती बसला ते मोजावे. फ्रिटचा 10 मिलिग्रॅम तुकडा 10 मिलिलिटर आम्लद्रावणात टाकताच न्यूक्लिओसाइडवरचा संरक्षक ट्रायटिल गट सुटून नारिंगी रंग येतो. समजा, 498 नॅनोमीटरवर 1 सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण 0.35 आले; शोषणांक 70,000 धरल्यास प्रमाण ग्रॅममागे 5 मायक्रोमोल निघते. हाच रंग पुढे प्रत्येक जोडणीची साक्ष देतो, म्हणून तो दर वेळी पाहावा.

मुंबईत खरा शत्रू म्हणजे दमट हवा. पुढचे घटक ज्या रूपात जोडले जातात ते फॉस्फोरामिडाइट पाण्याशी अभिक्रिया करते, त्यामुळे जुलैत बाटलीचे झाकण क्षणभर उघडे राहिले तरी फरक पडतो. अॅसिटोनाइट्राइल हा द्रावक 3 अँग्स्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या कणांवर, ठेवावा, पाण्याचे प्रमाण 30 पीपीएमखाली असल्याची कार्ल फिशर पद्धतीने खात्री करावी आणि सर्व हाताळणी कोरड्या आर्गॉनखाली करावी. वीस घटकांच्या साखळीत जोडण्या 19 असतात. प्रत्येकीचे उत्पन्न 99 टक्के असेल तर शेवटी 83 टक्के साखळ्या पूर्ण निघतात, 97 टक्के असेल तर जेमतेम 56.

साखळी पूर्ण झाल्यावर संहत अमोनियाने ती सोडवताना एक पथ्य पाळावे. गरम अमोनियात सिलिका हळूहळू विरघळते. म्हणून खोलीच्या तापमानाला तासाभरात साखळी सुटू द्यावी, द्रव फ्रिटपासून वेगळा करावा आणि बेसवरचे संरक्षक गट निघावेत म्हणून तेवढाच द्रव घट्ट बंद कुपीत 55 अंशांना रात्रभर ठेवावा.